बार्बाडोसचं बिऱ्हाड

कॅरिबियन बेटावर माणूस सुटीला जातो, हा एक सर्वमान्य गैरसमज आहे. निदान पहिल्या दिवशी तरी तो तिथे बिऱ्हाड थाटायला जातो. पुरावा लांब शोधायला नको. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलात खोलीची किल्ली हातात पडल्यावर मराठी कुटुंब पहिले दोन तास काय करतं, एवढं पाहिलं तरी पुरे. समुद्र बाल्कनीसमोरच असतो. त्याच्याकडे बघून एकदा ‘वा!’ म्हटलं जातं आणि लगेच त्याच्याकडे पाठ करून बॅगा उघडल्या जातात. खोलीतल्या चिमुकल्या फ्रिजमधल्या महागड्या बाटल्या कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून टीव्हीमागे ओळीने उभ्या राहतात आणि त्यांच्या जागी तुपाची बरणी, लसणाची चटणी आणि फॉइलमध्ये बांधलेल्या दशम्या विराजमान होतात. बाल्कनीतल्या खुर्चीच्या पाठीपासून दाराच्या मुठीपर्यंत नायलॉनची दोरी ताणली जाते. तिला चिमटे लागतात. चिमटे बरोबर आणलेलेच असतात. विमानात पायांत असलेले मोजे धुऊन त्या दोरीवर पडले, की मगच बार्बाडोस आपलं वाटायला लागतं. मग किटली. तिथली वीज ११५ व्होल्टची, प्लग चपट्या पायांचे. घरून नेलेली २३० व्होल्टची किटली त्या विजेवर लावली तर दाब निम्मा आणि जोर चौथाई, म्हणजे एरवी पाच मिनिटांत उकळणाऱ्या पाण्याला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं सबंध कुटुंब किटलीभोवती बसून काढतं. समुद्र तेवढा वेळ बाहेर थांबलेला असतो. त्याला कुठे जायचं नसतं.

बिऱ्हाड थाटण्याला माझा विरोध नाही. या जमातीचा मी सनदशीर सभासद आहे आणि दोरी कुठे बांधली असता वारा दोन्ही बाजूंनी लागतो, यावर मला ठाम मतं आहेत. माझा आक्षेप निघण्याआधी केलेल्या घोषणांना आहे. ‘काही म्हणजे काही करणार नाही, नुसतं पडून राहणार’ ही त्यांतली प्रमुख. आता नुसतं पडून राहणं ही एक विद्या आहे आणि ती आपल्याला येते, हा आपला निव्वळ अहंकार आहे. तिची परीक्षा घ्यायला हॉटेलच्या आवारात दोन नारळांमध्ये हॅमॉक टांगलेला असतो. ही विणलेली झोळी त्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांची. कोलंबसाच्या लोकांनी ती १४९२मध्ये पाहिली आणि पुढे युरोपच्या खलाशांनी जहाजांवर लटकवून टाकली. तिच्यात आडवं होण्याचं शास्त्र असं, की लांबीच्या रेषेत झोपायचं नाही. डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला ठेवून तिरकं, कर्णावर पडायचं, म्हणजे कापड ताणलं जातं आणि पाठ सपाट राहते. आपण सरळ रेषेत झोपतो. मग गुडघे आणि हनुवटी एकमेकांच्या भेटीला येतात, आणि त्या अवस्थेत चेहऱ्यावर विश्रांती दाखवत राहावं लागतं, कारण समोर फोटो काढणं चाललेलं असतं. ज्यांना हेही जमत नाही ते हॅमॉकमध्ये मधोमध बसतात, पाय जमिनीला टेकवतात आणि झोपाळ्यासारखा झोका घेतात. तीनशे साठ अंशांत फिरून आपण पुन्हा ओसरीवरच येतो.

दुसरी घोषणा ‘सगळ्यांपासून दूर’ ही. ती घड्याळच हाणून पाडतं. बार्बाडोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्य तिथे बाराही महिने सहाच्या आसपास बुडतो आणि बुडताना रेंगाळत नाही. बघता बघता अंधार. म्हणजे पहिल्या संध्याकाळचा तो बहुमोल सूर्यास्त सहा वाजता टिपून पाठवावा, तर महाराष्ट्रात पहाटेचे साडेतीन वाजलेले. पाहणारं कोणी जागं नाही. इथे सुटीवाल्याची खरी कसोटी लागते. सूर्यास्त झाला, डोळ्यांनी पाहिला, तो सुंदर होता. एवढ्यावर समाधान मानायला काय हरकत आहे? पण नाही. प्रवासाने अंग आंबलेलं असताना, शरीराच्या हिशेबाने मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असताना, माणूस डोळे ताणून नऊ वाजेपर्यंत जागा राहतो. कारण नऊला घरी साडेसहा वाजतात, नात्यातल्या वडीलधाऱ्यांचे गुलाबाच्या फुलांवरचे सुप्रभात सुरू होतात आणि त्या फुलांच्या राशीत आपला सूर्यास्त नेमका वरच्या बाजूला दिसावा लागतो. अटलांटिक ओलांडून सगळ्यांपासून दूर गेलेला हा माणूस त्या रात्री कोणी अंगठा दाखवला आणि कोणी नाही याची यादी करत झोपतो. खिडकीबाहेर अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक झाडांवरून शिट्ट्या मारत असतात. तो आवाज एसीचा आहे असं समजून रिसेप्शनला फोन करण्याचा मोह आवरावा. तो दुरुस्त करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की ही आपल्या मध्यमवर्गाची खोड झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणून सगळेच प्रवासी विंचू ठरत नाहीत. या आक्षेपाला उत्तर म्हणून मी एक असा साक्षीदार उभा करतो, ज्याच्यावर मध्यमवर्गीयपणाची शंका कोणी घेणार नाही: जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेच्या या पहिल्या अध्यक्षाने उभ्या आयुष्यात समुद्रापलीकडचा प्रवास एकदाच केला आणि तो बार्बाडोसचा. साल १७५१, वय एकोणीस. थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स क्षयाने खंगलेला. त्याला हवापालट म्हणून हे दोघे निघाले. (हवापालट! आपल्याकडे या एका औषधावर पाचगणी उभी राहिली.) महिनाभराहून जास्त काळ जहाजात काढून नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते ब्रिजटाउनला उतरले. धाकट्याला रोजनिशी लिहायची सवय होती, त्यामुळे कॅरिबियन सुटीचे पहिले दिवस कसे जातात याचा पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा अस्सल पुरावा आपल्या हाती आहे. पोचल्यावर अगदी सुरुवातीलाच आलेली गोष्ट म्हणजे ओळखीच्या घरचं आमंत्रण: नाश्त्याला या, जेवूनच जा. त्या घरात देवीची साथ शिरली होती. जॉर्जला ते माहीत होतं, जायला मन घेत नव्हतं, तसं त्याने लिहूनही ठेवलं. तरी गेला. आता याला काय म्हणावं? परमुलखात आल्या आल्या कोणी पाटावर बसायला बोलावलं आणि नाही म्हणता आलं नाही, ही भीड जिच्यात नाही अशी संस्कृती मला दाखवा. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती देवीची सख्खी बहीण निघाली. पंधरवडा उलटायच्या आत जॉर्ज अंथरुणाला खिळला आणि सुटीतले जवळजवळ चार आठवडे देवी अंगावर काढण्यात गेले. पुढे स्वातंत्र्ययुद्धात, १७७७मध्ये, त्याने आपल्या सैन्याला देवी टोचून घ्यायला लावलं, तेव्हा त्या जेवणाची आठवण त्याला झाली नसेल असं मानणं कठीण आहे. तोंडावर वण होते.

पण आपल्या मुद्द्याला महत्त्वाचं ते पुढेच आहे. आमंत्रणाच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, हे दोघे भाऊ काय करायला बाहेर पडले? समुद्रात डुंबायला नाही. ते जागा बघायला निघाले. अक्षरशः बिऱ्हाड शोधायला! शहराबाहेर हवेशीर राहा असं डॉक्टरने सांगितलं होतं. वाटेत दुतर्फा उसाची, मक्याची शेतं आणि फळझाडं पाहून जॉर्ज हरखून गेला. आणि जागा मिळाल्यावर रोजनिशीत काय उतरलं? भाडं. महिना पंधरा पौंड, दारू आणि धुणं वेगळं. माझ्या मते जागतिक पर्यटनाच्या इतिहासातलं हे एक अत्यंत प्रामाणिक वाक्य आहे. ज्याच्या नावाने पुढे राजधानी वसली, त्या माणसानेही बेटावर स्थिरस्थावर होताना पहिली चौकशी हीच केली, की दरात काय धरलंय आणि काय नाही, आणि कपडे धुवायचं काय. नायलॉनच्या दोरीचा शोध लागलेला असता तर त्याने ती नेली असती यात मला तिळमात्र शंका नाही. लॉरेन्सची तऱ्हा आणखी बोलकी. ज्या हवेसाठी तो आला होता तिच्याबद्दलच त्याने पत्रातून कुरकूर केली, की ऋतू बदलत नाहीत, अंग सैलावतं आणि तेच ते दृश्य पाहून लवकर कंटाळा येतो. ‘स्वर्गासारखं बेट’ असं छापणाऱ्यांनी ही ओळ कोपऱ्यात बारीक अक्षरांत तरी छापावी. बिचाऱ्याला गुण आलाच नाही. पुढच्या वर्षी तो घरी परतून वारला. जॉर्ज डिसेंबरमध्ये एकटाच परत निघाला होता. त्यांनी घेतलेलं ते घर ब्रिजटाउनजवळ अजून उभं आहे, जॉर्ज वॉशिंग्टन हाउस म्हणून दाखवतात. मराठी प्रवाशाने ते पाहावं आणि आपल्या चिमट्यांबद्दल निःसंकोच व्हावं.

दुसरा आक्षेप ‘सगळं धरून’ दर लावणाऱ्या हॉटेलांचा. तिथे म्हणे माणसाला काहीच करावं लागत नाही. खाणं, पिणं, टॉवेल, सगळं आधीच भरलेल्या पैशांत. हा युक्तिवाद आपल्याला न ओळखणारा माणूसच करू शकतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर देखरेख करावी लागते, तीही विकतच्या गोष्टीपेक्षा कडक. बुफेच्या पहिल्या फेरीत भरलेल्या पैशांपैकी किती वसूल झाले, हा हिशेब काट्याचमच्याबरोबरच हातात येतो. त्यात चलनाची गंमत. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, दोनास एक, आणि पाटीवरची किंमत यांतल्या कुठल्या डॉलरमध्ये आहे ते विचारून घ्यावं लागतं. म्हणजे एका नारळपाण्यासाठी आधी निम्मे, मग रुपयांत गुणाकार, मग दादर चौपाटीवरच्या भावाशी तुलना, मग खेद. एवढं झाल्यावर पाणी गोड लागणार कसं? साध्या पाण्याचीही तीच कथा. बार्बाडोस प्रवाळाच्या चुनखडकाचं बेट. पावसाचं पाणी त्या खडकातून झिरपून गाळलं जातं आणि नळाचं पाणी थेट पिता येतं. स्थानिक लोक ते अभिमानाने सांगतात. आपण मान डोलावतो आणि बाटलीबंद पाण्याचा खोका विकत आणतो, मग त्या खर्चावर संध्याकाळ चर्चा करतो. स्वागताला पुढे केलेला रम पंच ही या दिवसातली एकच गोष्ट अशी, जिच्यापुढे हिशेब हरतो, वास्तविक तो स्वतःच एक हिशेब असताना: लिंबाचा रस एक भाग, साखर दोन, रम तीन, पाणी चार, वरून जायफळ. ‘सरबतच आहे, चव तर बघा’ असं म्हणत घेणाऱ्यांनी तिसरा आकडा पुन्हा एकदा वाचावा. ज्या बेटावर सतराव्या शतकापासून रम गाळली जाते, तिथे सरबत नावाची गोष्ट जपूनच घ्यायची असते.

तिसरा आक्षेप खरा टोचणारा आहे आणि तो सहसा घरातला सर्वांत वृद्ध माणूस घेतो: नारळ, वाळू, दमट हवा आणि मासे एवढ्यासाठी इतकं लांब कशाला? मालवण काय वाईट? याला सचोटीचं उत्तर देणं कठीण आहे. बार्बाडोस तेरा अंश उत्तरेला, म्हणजे जवळपास मंगळुरूच्या रेषेत, घाम तोच. ज्या नारळाखाली फोटो काढायचा तो नारळही मूळचा तिथला नाही. अटलांटिकच्या काठचे नारळ हिंदी महासागराच्या कुळातले, सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांतून तिकडे गेलेले. उलट चिकू, पेरू, सीताफळ, पपई, काजू ही आपल्या परसातली मंडळी अमेरिका खंडातली, त्यांतली बरीच पोर्तुगीजांचं बोट धरून आपल्याकडे आलेली. म्हणजे मालवणचा माणूस बार्बाडोसला जाऊन आपल्या नारळाखाली बसतो आणि त्यांच्या काजूची उसळ घरी टाकून आलेला असतो. तेव्हा हवा, झाडं, मासे या सबबी बाद. मग उरतं काय? उरतो उच्चार. ‘मे महिन्यात आम्ही मालवणला होतो’ या वाक्याने समोरच्याचा चहा थांबत नाही. ‘कॅरिबियनला होतो’ म्हटलं, की कप बशीवर टेकतो. या थांबलेल्या कपासाठी माणसं दोन विमानं बदलतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, मला तो कप थांबलेला फार आवडतो. अर्थात मराठी घराला त्या बेटाचं एक न्याय्य कारणही आहे, ते म्हणजे क्रिकेट. १९७१च्या ज्या दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी पहिल्यांदा हरवलं, त्यातल्या ब्रिजटाउनच्या कसोटीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे दीडशे आणि सुनील गावसकरांचे नाबाद ११७. ही धावसंख्या तोंडपाठ असलेली एक पिढी ब्रिजटाउनला न जाताच तिथे राहून आलेली आहे. आणि २९ जून २०२४ला त्याच मैदानात विश्वचषक जिंकल्यावर काय झालं? बेरिल नावाचं चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि जगज्जेते हॉटेलात अडकून पडले. दिल्लीला पोचायला ४ जुलै उजाडला. बेटावरून निघायचं कधी हेसुद्धा बेट ठरवतं, हे रोहित शर्माला मान्य करावं लागलं. आपण पहिल्या दिवशी पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटवतो.

झाडांच्या या देवघेवीत एक झाड मात्र हसण्यावारी नेता येत नाही. नीरफणस. कोकण-गोव्यात त्याचे काप तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. कॅरिबियनमध्ये तो भाजतात, उकडतात, कुटतात. तो तिथे नेला कॅप्टन ब्लायने, ताहितीहून, १७९३मध्ये. पहिल्या खेपेला त्याच्याच खलाशांनी बंड करून त्याला होडीत सोडून दिलं होतं, दुसऱ्या खेपेला रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकापर्यंत पोचली. इतका आटापिटा कशासाठी? मळ्यातल्या गुलामांना स्वस्तात पोट भरेल असं अन्न मिळावं म्हणून. बार्बाडोसवर सतराव्या शतकाच्या मध्यापासून ऊस लागला आणि तो लावायला, तोडायला, रस आटवायला आफ्रिकेतून माणसं आणली गेली. त्यांचाही एक पहिला दिवस होता. नव्याने आणलेल्या माणसाला त्या हवेची आणि कामाची सवय व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि त्या मुदतीत त्यांतले बरेचसे मरतात, हे मळेवाल्यांनी खर्चात धरलेलं असे. स्थिरस्थावर होणं या शब्दांचा त्या बेटावरचा जुना अर्थ हा आहे. वॉशिंग्टनला घोड्यावरून हिरवागार दिसलेला ऊस त्यांचाच. तो स्वतःही गुलाम बाळगणाऱ्या घरातला. गुलामगिरी १८३४मध्ये कायद्याने संपली, सक्तीची उमेदवारी १८३८मध्ये. मग त्रिनिदादसारख्या बेटांवर मळेवाल्यांनी करारावर हिंदुस्थानी मजूर आणले. कलकत्ता आणि मद्रासहून जहाजं सुटायची. ‘फातेल रझाक’ हे पहिलं जहाज ३० मे १८४५ला त्रिनिदादला लागलं. त्यांच्या बोचक्यातही मसाले आणि तवे असतीलच. ब्रिजटाउनच्या दुकानात बटाटा आणि करी भरलेली रोटी मिळते, ती त्या बोचक्यातून बेटाबेटांवर पसरत आलेली. मराठी पर्यटक ती खाऊन म्हणतो, ‘मीठ कमी आहे.’

मला पहिल्या दिवसाचा खरा राग येतो तो इथे. दशम्यांचा नाही, दोरीचा नाही, गुणाकाराचा तर नाहीच. राग येतो तो सवयीचा, जी आपण बॅगेत न भरताही बरोबर नेतो. बार्बाडोसमध्ये दुकानात शिरताना, व्हॅनमध्ये चढताना, बाकावर कोणाशेजारी बसताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची रीत आहे. दुपार असेल तर ‘गुड आफ्टरनून’. सगळ्यांना मिळून एकदा म्हटलं तरी चालतं, पण म्हणावं लागतं. न म्हणता थेट कामाचं विचारलं, तर समोरची बाई उत्तर देत नाही असं नाही. ती क्षणभर थांबते, शांतपणे स्वतःच ‘गुड मॉर्निंग’ म्हणते आणि तुम्ही ते परत म्हणेपर्यंत वाट पाहते. आपला माणूस काउंटरवर पोचतो तो ‘वायफाय?’ एवढा एकच शब्द घेऊन. वेटरला चुटकी वाजवून बोलावतो. मग तासाभरात निकाल देतो, की इथले लोक संथ आहेत, उद्धट आहेत, कॅरिबियन म्हणजे असंच. ज्यांच्या खापरपणजोबांची नोंद मालाच्या यादीत किमतीसह व्हायची, त्यांनी आधी माणूस म्हणून हाक मारून घेण्याचा आग्रह धरला, तर तो मला शिष्टाचारापेक्षा बराच मोठा हक्क वाटतो. आणि दारात आलेल्याला ‘या, बसा’ म्हटल्याशिवाय काम न विचारणाऱ्या गावांतून आलेल्यांना तो समजू नये, याचं नवल वाटतं. कोणी म्हणेल, पर्यटक थकलेला असतो, वीस-बावीस तासांचा प्रवास झालेला असतो. खरं आहे. काउंटरमागची बाईही सकाळपासून उभीच असते.

तेव्हा पहिला दिवस सुटीत धरूच नये, तो घर लावायला सोडावा, असं माझं मत आहे. ज्यांना हे पटत नाही, जे उतरल्या उतरल्या कपड्यांसकट लाटांत धावतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. फक्त त्यांच्या ओल्या कपड्यांना दुसऱ्या दिवशी माझ्यासारख्यांच्याच दोरीचा आधार लागतो, एवढं त्यांनी लक्षात ठेवावं. घर लावताना काही गोष्टी मात्र खरोखर उपयोगाच्या आहेत. लष्करी छाप्याची बर्मुडा बॅगेत असेल तर बॅगेतच राहू द्या. कॅमोफ्लाज कपडे घालणं बार्बाडोसमध्ये बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा. किनाऱ्यावर लाल पट्टा मारलेलं झाड दिसलं तर त्याखाली पथारी पसरू नका. ते मँचिनील, त्याची हिरवी फळं बोराएवढ्या सफरचंदासारखी गोंडस दिसतात आणि जिवावर बेततात, चीक कातडी भाजतो, पावसात त्याच्या पानांवरून ओघळलेल्या पाण्यानेही फोड येतात. हॉटेलच्या खुर्च्यांवर पहाटे टॉवेल टाकून त्या अडवायच्या असतील तर अडवा, पण वाळू अडवता येत नाही, कारण तिथले सगळे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. आणि जमलं तर दुपारी हॉटेलच्या टॅक्सीऐवजी बसने ब्रिजटाउनला जाऊन या. सरकारी बस निळ्या, खासगी मिनीबस पिवळ्या, व्हॅन पांढऱ्या. थांब्यांवर पाट्या दोनच प्रकारच्या: शहराकडे आणि शहराबाहेर. आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं ते कळत नसेल तर पाटीखाली उभ्या असलेल्या बाईंना विचारा. आधी गुड आफ्टरनून म्हणा, मग विचारा. भाडं साडेतीन डॉलर, बार्बाडोसचे. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत.